पाचारण आणि गोळ्यांची पट्टी

सिस्टर व्हायला निघालेल्या मुलीच्या बॅगेत मानसोपचारतज्ज्ञानं लिहून दिलेल्या गोळ्यांची पट्टी असेल, तर ती वर ठेवायची की कपड्यांच्या तळाशी? व्होकेशन कॅम्पमध्ये हा प्रश्न सहसा निघत नाही. तिथं संतांची चरित्रं सांगतात, गाणी होतात, ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांची ओळख होते, निघताना वहीत नाव-पत्ता लिहून घेतात. गोळ्यांचं मुलगी घरी येऊन आईला विचारते. आई घाबरलेली असते. ती म्हणते, "खाली ठेव. तिथं गेल्यावर बंदच कर, देव बघून घेतो." पुढच्या बऱ्याच दुःखाची सुरुवात या सल्ल्यात असते, आणि सल्ला देणारी आई काही वाईट नसते. म्हणून ही पुस्तिका आधी तिच्यासाठी, मग मुलीसाठी, आणि मुलगी ज्या दाराशी जाऊन उभी राहणार त्या दारामागच्या सुपीरियरसाठी, म्हणजे मठप्रमुखासाठी. सेमिनरीत निघालेल्या मुलालाही यातलं जवळपास सगळं लागू आहे. मी सोयीसाठी मुलीबद्दल लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवी. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर हे आजार अनेकदा पहिल्यांदा डोकं वर काढतात ते सतरा-अठरापासून पंचविशीच्या आसपास. नैराश्याचा पहिला मोठा फेराही अनेकांना याच वयात येतो. कॉन्व्हेंटचं दार ठोठावायचं वयही नेमकं हेच. म्हणजे आजारी माणसाला आत घ्यावं की नाही, एवढ्यावर हा विषय संपत नाही. ठणठणीत म्हणून आत आलेली मुलगी दुसऱ्या वर्षी आजारी पडली तर तिचं काय, हा दुसरा अर्धा भाग आहे, आणि माझ्या मते तो जास्त अवघड आहे.

आता हे नांदेड-लातूरकडच्या वाचकांसाठीच वेगळं का लिहायचं? नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. 17 डिसेंबर 1977 रोजी अमरावतीपासून वेगळा होऊन हा धर्मप्रांत झाला. जुन्या मिशनची गावं वर, घोगरगावच्या बाजूला; इकडे खाली कॅथलिक घरं विरळ. विरळ वस्तीत कुठलीच गोष्ट खासगी राहत नाही. कोणाची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये गेली हे देगलूरपासून औशापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना आठवड्यात कळतं, आणि ती परत आली हे त्याहून लवकर. शिवाय इथले बरेचसे फादर आणि सिस्टर वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे. ते प्रेमानं वागतात, शाळा-दवाखाने चालवतात. पण मुलीचा जीव रात्री घाबरा होतो, डोकं सुन्न पडतं, कशातच मन लागत नाही, हे ती ज्या बोलीत सांगू शकते ती त्यांची मायबोली नसते.

घर सोडून देवाच्या मागे जाणं मात्र मराठवाड्याला नवं नाही. जांबचा नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बोहल्यावरून पळाला तो याच मुलखातला. माहूरला महानुभावांचे मठ आहेत. नांदेडच्या विद्यापीठाला नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थांचं, म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणाऱ्या एका संन्याशाचं. संन्याशाबद्दल इथल्या माणसाच्या मनात उपजत आदर असतो. अवलियाचं वेडही आपल्याकडे चालून जातं. तो झाडाखाली बसला, कोणाशी बोलला नाही, अंगावर कपडे धड नसले, तरी लोक हात जोडतात. पण कॅथलिक संन्यास एकट्यानं झाडाखाली बसून करायचा नसतो. तो आठ-दहा जणींनी एका छपराखाली, घंटेवर उठून, शाळेचं हजेरीपत्रक, दवाखान्याची पाळी आणि स्वयंपाकघराचा हिशोब सांभाळत करायचा असतो. म्हणून तिथं प्रकृतीची चौकशी होते. त्या चौकशीत अपमान काही नाही. ती कशी होते आणि तिचा निकाल कसा सांगितला जातो, यावर मान-अपमान ठरतो.

दुसरी एक सवय मात्र या चौकशीच्या आड येते, आणि ती लातूरनं सगळ्या महाराष्ट्राला लावली. लातूर पॅटर्ननं आपल्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं हे खरं आहे. पण त्याबरोबर प्रत्येक दाराकडे प्रवेशपरीक्षा म्हणून बघायची खोडही घराघरांत मुरली. यादीत नाव लागलं की पेढे, नाही लागलं की तोंड लपवायचं. कॉन्व्हेंटचंही तसंच होऊन बसलं आहे. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणकाळात, घेतलं म्हणजे पास, परत पाठवलं म्हणजे नापास. चर्चचा स्वतःचा नियम याच्या बरोबर उलट आहे. कॅनन लॉ, म्हणजे चर्चची 1983 ची कायदेसंहिता, नोव्हिशिएटला किमान बारा महिने देते, त्यानंतर तात्पुरत्या व्रतांची किमान तीन वर्षं, आणि मगच कायमची व्रतं. इतकी वर्षं ठेवली आहेत ती दोन्ही बाजूंनी शांतपणे पाहून घेण्यासाठी. त्या मुदतीत कोणी परत आलं तर मुदतीनं आपलं काम केलं. हे ज्या दिवशी आपल्या धर्मग्रामांना पटेल, त्या दिवशी गोळ्या तळाशी ठेवण्याचं निम्मं कारण उरणार नाही.

उरलेलं निम्मं कारण आजाराच्या भीतीत आहे. "डोक्यावर परिणाम झालाय" म्हटलं की पहिली वाट अजूनही देवर्षीकडे किंवा मांत्रिकाकडे जाते. ख्रिस्ती घरं त्याला अपवाद आहेत असं म्हणायला मला आवडलं असतं. तिथं मांत्रिकाऐवजी आरोग्यप्रार्थनेला नेतात, इतकाच काय तो फरक. प्रार्थनेला माझी ना नाही. पण कॅथलिक चर्चच्या श्रद्धाशिक्षण ग्रंथात, भूतबाधा काढण्याचा विषय जिथं येतो तिथंच स्पष्ट लिहिलं आहे की आजार, विशेषतः मानसिक आजार, हे वेगळं प्रकरण आहे आणि त्यावर उपचार करणं हे वैद्यकशास्त्राचं काम आहे. बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला भूतबाधा काढण्याचा विधी करता येत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे.

डॉक्टरपर्यंतची वाट पूर्वी खरोखर लांब होती. राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी मनोरुग्णालयं, आणि चारही मराठवाड्याबाहेर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली, हजारो माणसं गेली, त्यानंतर पहिल्यांदा इथल्या गावांनी मनाचे डॉक्टर तंबूत बसलेले पाहिले. झोप न येणं, दचकून उठणं, मेलेल्यांबद्दल स्वतःला दोष देत राहणं याला आजार म्हणतात आणि त्यावर इलाज असतो, हे तेव्हा अनेकांच्या कानावर प्रथमच आलं. आज नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाट जवळ आली. पाय मात्र अजून अडखळतात.

चर्चच्या कायद्याकडे वळू, कारण त्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक म्हणतो, मानसिक आजार झालेल्याला चर्च कधीच घेत नाही. दुसरा म्हणतो, देवानं बोलावलं तर कायदा आडवा येत नाही. दोन्ही चूक. कलम 642 सांगतं की सुपीरियरनं प्रकृती, योग्य स्वभाव आणि पुरेशी परिपक्वता पाहूनच नोव्हिशिएटला घ्यावं, गरज पडली तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. आणि त्याच वाक्यात कलम 220 चा हवाला देऊन सांगतं की हे करताना माणसाच्या अब्रूला आणि खासगीपणाला धक्का लागता कामा नये. धर्मगुरूपदासाठी कलम 1041 आणखी कडक आहे. पण तिथंही नुसता आजार पुरत नाही. त्या आजारामुळे हा माणूस सेवाकार्य नीट पार पाडू शकणार नाही, असं तज्ज्ञांना विचारून ठरावं लागतं. म्हणजे कागदावर 'नैराश्य' किंवा 'बायपोलर' लिहिलेलं दिसलं म्हणून फाइल बंद करायला कायदा सांगत नाही. ही मुलगी आज कशी आहे, औषधांवर किती काळ स्थिर आहे, स्वतःच्या आजाराची खूण तिला स्वतःला कळते का, हे बघायला सांगतो.

सगळ्यांत कमी वाचलं जाणारं कलम 689. तात्पुरती व्रतं घेतल्यावर एखादीला शरीराचा किंवा मनाचा आजार जडला आणि त्यामुळे ती त्या जीवनाला योग्य राहिली नाही, तर पुढची व्रतं नाकारता येतात. पण तो आजार संस्थेच्या निष्काळजीपणामुळे किंवा तिथल्या कामामुळे जडला असेल, तर त्या कारणावरून नाकारता येत नाहीत. आणि तात्पुरत्या व्रतांच्या काळात एखादीला वेड लागलं, तर नवं व्रत घ्यायला ती असमर्थ असली तरी तिला संस्थेतून काढून टाकता येत नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, रोमचा कायदा सांगतो. कामाच्या ओझ्यानं, झोपेवाचून, वर्षात तीन बदल्या होऊन जी तरुण सिस्टर मोडली, तिच्या वडिलांनी हे कलम माहीत करून घ्यावं. सुपीरियरनं तर घ्यावंच.

2008 मध्ये रोमच्या कॅथलिक शिक्षण विभागानं धर्मगुरूपदाच्या उमेदवारांबाबत मानसशास्त्राचा वापर कसा करावा यासाठी मार्गदर्शिका काढली. उमेदवाराच्या आगाऊ, समजून-उमजून दिलेल्या, मोकळ्या संमतीशिवाय मानसशास्त्रीय तपासणी करू नये, आणि पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे की नाही याचा निर्णय मानसशास्त्रज्ञानं देऊ नये, तो चर्चनं द्यावा, अशी त्यातली भूमिका. आपल्या देशाचा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. तेव्हा "तिचा रिपोर्ट आम्हाला पाठवा" असा फोन थेट डॉक्टरला करण्याची पद्धत कुठं असेल, तर ती चर्चच्या कायद्यात बसत नाही आणि सरकारच्याही नाही. मुलीला विचारावं, तिच्यासमोर विचारावं.

आता या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. लोकांना वाटतं, मठ आणि मनाचा आजार हा आजकालचा प्रश्न, पूर्वी श्रद्धा भक्कम होती म्हणून असलं काही नव्हतं. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आविलाच्या संत तेरेसांनी आपल्या मठांच्या स्थापनेचा वृत्तांत लिहिला, त्यात एक अख्खं प्रकरण 'मेलँकोलिया' झालेल्या सिस्टरांना कसं सांभाळावं यावर आहे. तेरेसा काही मवाळ बाई नव्हत्या. अशा बाईला सगळ्या मठाला वेठीस धरू देऊ नका, तिला धाकात ठेवा, असं त्या सांगतात, आणि आजच्या वाचकाला ते झोंबतं. पण त्याच प्रकरणात त्या लिहितात की तिला लांब प्रार्थना करू देऊ नका, हाताला काम द्या, उपास इतरांपेक्षा कमी ठेवा, मासे क्वचित वाढा. माशांचं कारण त्या काळच्या वैद्यकात शोधावं लागेल. बाकीचं आजही कोणी अनुभवी परिचारिका सांगेल. प्रार्थनेची एवढी मोठी आचार्या सांगते आहे की एखादीनं कमी प्रार्थना करावी! "जास्त प्रार्थना कर, सगळं ठीक होईल" असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या भल्या माणसांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

तेरेसांचे सहकारी संत योहान ऑफ द क्रॉस यांनी आत्म्याच्या काळोख्या रात्रीबद्दल लिहिलं. ते नाव आता इतकं सैल वापरलं जातं की चार दिवस उदास वाटलं तरी लोक म्हणतात, माझी काळोखी रात्र चालू आहे. कोलकात्याच्या मदर तेरेसांची अशाच काळोखाबद्दलची पत्रं 2007 मध्ये छापून आल्यापासून तर हे फारच वाढलं. पण खुद्द योहान सावध आहेत. प्रार्थनेत कोरडेपणा आला तर तो देवानं आणलेला आहे की मेलँकोलियाचा आहे, हे ओळखण्याच्या खुणा त्यांनी दिल्या. निव्वळ आजार असेल तर सगळ्याचाच वीट येतो. देवाची रात्र असेल तर गोडी गेली तरी देवाची सेवा करण्याची ओढ आणि तळमळ मागे राहते. आणि दोन्ही एकाच वेळी एकाच माणसात असू शकतात, हेही ते मान्य करतात. माझ्या मते या सगळ्या चर्चेतलं हे सर्वांत शहाणं वाक्य. मदर तेरेसा त्या काळोखात वर्षानुवर्षं पहाटे उठून कामाला जात होत्या. नैराश्याच्या आजारात अंथरुणातून उठणंच होत नाही, जेवण जात नाही, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, मरणाचे विचार येतात. अशा आजारी मुलीला "ही तुझी काळोखी रात्र आहे, सहन कर" असं सांगणं म्हणजे ताप एकशेचार असताना उन्हाळा आहे म्हणून सोडून देणं.

आणि लोयोलाचे इग्नेशियस. येशूसंघाचे हे संस्थापक 1522 मध्ये मान्रेसाला असताना आपल्या जुन्या पापांच्या शंकेनं इतके पछाडले गेले, की केलेलं पापनिवेदन पुन्हा पुन्हा करत. तरी समाधान नाही. आपल्या खोलीतल्या एका मोठ्या भोकातून उडी टाकून जीव द्यावा असं त्यांना वाटे, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. आज एखादी मुलगी आठवड्यात चारदा पापनिवेदनाला येते, बाहेर पडली की "ते सांगायचं राहिलं" म्हणून परत रांगेत उभी राहते, तेव्हा ती फार भाविक आहे असं कौतुक होतं. मानसोपचारात याला ओसीडीचा एक प्रकार म्हणून ओळखतात, आणि पुन्हा पुन्हा आश्वासन देत राहिलं की तो वाढतो. इग्नेशियसही सुटले ते शेवटी जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं ठरवल्यावरच. मुलीला एकच फादर असावेत, त्यांनी "झालं, आता पुन्हा नाही" म्हणावं आणि डॉक्टरकडे पाठवावं.

या अनुभवातून आलेले इग्नेशियसचे दोन नियम आमच्या विषयाचा कणा आहेत. एक प्रसिद्ध आहे: मन उजाड झालेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. दुसरा कमी लोकांना माहीत आहे. साधना करवून घेणाऱ्याला ते बजावतात की साधक उत्साहानं भारलेला, आनंदात न्हालेला असताना त्याला घाईनं वचन किंवा व्रत घेऊ देऊ नका. स्वभाव चंचल असेल तर मुळीच नको. बायपोलर आजारात चढाचे दिवस कसे असतात हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला या दुसऱ्या नियमाची किंमत कळेल. झोप लागत नाही पण थकवा नाही, एका रात्रीत अख्खं शुभवर्तमान वाचून होतं, देव आपल्याशी थेट बोलतो आहे, आजच सगळं विकून निघायचं आहे. हे सगळं देवाच्या बोलावण्यासारखंच दिसतं. ते बोलावणं असेलही. पण चढ उतरून सहा महिने, वर्ष गेल्यावर, नेहमीच्या कंटाळवाण्या मंगळवारीही ते तिथंच असेल तर त्याच्याकडे बघू. मी तर म्हणेन, ज्या मुलीचा आजार ठाऊक आहे तिनं उतारात 'नाही' म्हणू नये आणि चढात 'हो' म्हणू नये. हे दोन्ही निर्णय सपाटीवर करायचे असतात.

एकदा आत गेल्यावर आजार दिसतो तो अगदी बारीक गोष्टींत. मनावरच्या अनेक औषधांनी सकाळी जड झोप येते. पाचच्या घंटेला न उठणारी मुलगी आळशी ठरते, आणि आळशी ठरू नये म्हणून ती रात्रीची गोळी टाळू लागते. जागरणाची प्रार्थना इतरांना पुण्याची. बायपोलर असलेल्या मुलीला दोन रात्रींचं जागरण चढाच्या टोकावर नेऊ शकतं. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातलं त्याचं प्रमाण तपासत राहावं लागतं, आणि अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ते प्रमाण धोक्याला पोचतं. आता आपल्याकडचा उपवासकाळ बघा. बहुतेक वर्षी फेब्रुवारीत सुरू होतो, एप्रिलपर्यंत जातो, तोवर नांदेडचा पारा चाळिशीच्या वर. अशा उन्हात पाणीसुद्धा न घेता पवित्र शुक्रवार पाळणारी मुलगी डॉक्टरच्या दृष्टीनं संकटात आहे. चर्चनं उपासाचं बंधन आजाऱ्याला कधीच घातलेलं नाही. पण "मला उपास नको" म्हणायचं तर आजार सांगावा लागतो, आणि आजार तर बॅगेच्या तळाशी आहे.

औषधांचा खर्च कोणाचा, असंही विचारतात. कलम 670 प्रमाणे सभासदांना त्यांच्या पाचारणासाठी लागेल ते सगळं पुरवणं संस्थेला बंधनकारक आहे. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या मुलीला माहेरून गोळ्या मागवायला लागू नयेत. आज्ञापालनाच्या व्रताचा तर याच्याशी संबंधच नाही. गोळी बंद करण्याची आज्ञा सुपीरियर देऊ शकत नाही. तो अधिकार डॉक्टरचा. आणि कोणालाही आपलं अंतरंग उघड करायला भाग पाडायला कलम 630 सुपीरियरला मनाई करतं. मुलगी आपणहून बोलली तर गोष्ट वेगळी, आणि ती आपणहून बोलेल असं घर तयार करणं हेच सुपीरियरचं कौशल्य.

महाराष्ट्रात हे कौशल्य शिकवण्याचा मोठा प्रयत्न झाला तो फादर अँथनी डिमेलो यांचा. मुंबईत 1931 साली जन्मलेले हे येशूसंघीय अमेरिकेत समुपदेशन शिकून आले, आणि 1970 च्या दशकात त्यांनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली, जी पुढे लोणावळ्याला गेली. इग्नेशियसची साधना, पूर्वेकडची ध्यानपद्धती आणि आधुनिक मानसोपचार त्यांनी एकत्र आणले, आणि असंख्य फादर-सिस्टरांना स्वतःच्या मनाकडे न घाबरता बघायला शिकवलं. त्यांच्या मृत्यूनंतर, 1998 मध्ये, रोमनं त्यांच्या लेखनातल्या काही विचारांवर इशारा दिला, त्याची चर्चा पुष्कळ झाली. मनाकडे बघायला शिकवण्याच्या त्यांच्या कामाची तेवढी झाली नाही, याची मला खंत वाटते. पोप फ्रान्सिस यांनीही वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी सहा महिने एका ज्यू मनोविश्लेषक बाईंकडे जात असल्याचं 2017 मध्ये मोकळेपणानं सांगितलं. उदगीरच्या मुलीनं लातूरच्या ओपीडीत जायला लाजायचं कारण उरलेलं नाही.

नकाराबद्दलही सरळ बोललं पाहिजे. काहींना नकार मिळेल, आणि काही नकार योग्य असतील. कॉन्व्हेंट हे उपचारकेंद्र नाही. तिथलं एकटेपण, मौन, आज्ञा आणि सामूहिक जीवन एखादीचा आजार वाढवणारं असेल, तर तिला आत घेणं ही दया होणार नाही. नाकारणं हा अपराध नाही. कारण न सांगता, दोन दिवसांत सामान बांधायला लावून, एकटीला रात्रीच्या गाडीत बसवून देणं हा अपराध आहे. सोडून जाणाऱ्याला केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, असं कलम 702 म्हणतं. पण त्याच कलमात संस्थेनं त्याच्याशी न्यायानं आणि शुभवर्तमानाला शोभेल अशा प्रेमानं वागावं असंही आहे. त्या प्रेमात काय येतं ते मी सांगतो: आईवडिलांना आधी बोलावून समोरासमोर बोलणं, डॉक्टरची कागदपत्रं मुलीच्या हातात देणं, निदान सहा महिन्यांची औषधं, अर्धवट राहिलेल्या शिक्षणाची सोय, आणि तिच्या धर्मग्रामाच्या फादरांना एक फोन.

परत आलेल्यांसाठी मला लिसियच्या मार्तें घराण्याची आठवण करून द्यावीशी वाटते. आपल्याकडे घरोघरी फोटो असतो तो त्या घरातल्या धाकट्या तेरेजाचा. तिची बहीण लेओनी तीनदा मठात गेली आणि तीनदा परत आली. 1899 मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, चौथ्यांदा गेली ती 1941 मध्ये मरेपर्यंत राहिली. त्यांचे वडील लुई तरुणपणी मठात जायला निघाले होते, लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. म्हातारपणी त्यांना भास होऊ लागले आणि कां शहराच्या मनोरुग्णालयात तीन वर्षं ठेवावं लागलं. गावातले लोक कुजबुजत की मुली मठात गेल्या म्हणून बापाचं डोकं फिरलं. 2015 मध्ये चर्चनं या बापाला, त्यांच्या पत्नीसह, संत घोषित केलं. मठातून परत पाठवलेला आणि मनोरुग्णालयात राहिलेला माणूस आज वेदीवर आहे, हे परत आलेल्या मुलीच्या घरी शेजारी म्हणून जाताना ध्यानात असू द्या. तिला "का आलीस" विचारू नका. वाचनाला, गायनाला, मुलांच्या धर्मशिक्षणाला बोलवा. व्रताशिवाय देवाची सेवा करण्याच्या वाटा चर्चमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्या वाटा दुय्यम नाहीत.

पुढच्या पानांत आजारांची ओळख सोप्या मराठीत आहे, कायद्याची कलमं आहेत, सुपीरियरसाठी आणि पालकांसाठी प्रश्नावल्या आहेत. त्या प्रश्नावल्या मराठीत आहेत त्या मुद्दाम. मुलाखत घेणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्यानं दुभाषी आणावा, मुलीवर इंग्रजी लादू नये. हे वाचून कोणी स्वतःच निदान करू नये आणि चालू औषध तर मुळीच थांबवू नये. अर्ज भरताना आजार लिहा. ज्या घरानं तेवढ्यावरून न बोलता दार लावलं, ते घर तुम्हाला पुढं सांभाळू शकलं नसतं. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा वाटला, जवळ फादर नाहीत, डॉक्टर नाहीत, घरच्यांना उठवायचा धीर होत नाही, अशा वेळेसाठी केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे: क्रमांक 14416, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं.